सेवेची शिडी आणि घामाचे दाम



निवडणुकीचा वास आला की आपल्या तालुक्यात समाजसेवेला पालवी फुटते. चार वर्षे ज्याचे नाव गावाने ऐकले नव्हते तो चष्मे वाटत फिरतो. साड्या येतात, वह्या येतात, सामुदायिक विवाहाचे मांडव पडतात. मयताच्या घरी नातेवाइकांआधी गाडी उभी राहते, आणि तिच्यातून उतरणाऱ्या माणसाच्या मागे फोटोवाला असतो. चौकात फ्लेक्स लागतो. खाली मोबाइल नंबर, वर हात जोडलेला चेहरा, मधे मोठ्या अक्षरात ‘समाजसेवक’. वर्षभराने त्याच फ्लेक्सवर तोच चेहरा येतो, हात तसेच जोडलेले असतात. फक्त ‘समाजसेवक’ खोडून तिथे ‘भावी आमदार’ लिहिलेले असते.

यात नवल काय, असे कोणी विचारील. राजकारणात सगळे असेच चालते. मी म्हणतो, नवल त्याचे नाही, आपले आहे. हा खेळ आपल्याच पैशावर आणि आपल्याच दारात चालतो, आणि वर आपणच टाळ्या वाजवतो. जिल्हा बैठकीत यावर दोन तास बोलायचे आहे. त्याआधी मुद्दे कागदावर असावेत म्हणून हे टिपण.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो. राजकारण पाप आहे असे मी म्हणत नाही. समाजसेवा ढोंग आहे असेही म्हणत नाही. दोन्ही कामे एकाच माणसाने करू नयेत असाही माझा आग्रह नाही. माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे. सेवेची शिडी करून वर चढायचे, वर गेल्यावर शिडी ओढून घ्यायची, आणि खाली राहिलेल्याला सांगायचे की ही शिडी तुझ्यासाठीच लावली होती. याला आपण सेवा म्हणणार असू, तर दुसऱ्याची पऱ्हाटी वेचून आपल्या घरी नेणाऱ्यालाही सेवक म्हणावे लागेल.

ज्वारीतला टारफुला

ज्वारी पेरणाऱ्या माणसाला टारफुला सांगायला नको. कृषी महाविद्यालयात आम्हाला तो पुस्तकातून शिकवला, तुम्ही तो धुऱ्यावर उभे राहून शिकलात. त्याचे बी मोहरीच्या दाण्यापेक्षा कितीतरी बारीक असते आणि जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहते. पाऊस पडला म्हणून ते उगवत नाही. ज्वारीची मुळे जवळ आली, त्या मुळांतून पाझरणारा रस लागला, तरच ते जागे होते. मग ज्वारीच्या मुळाला चिकटते. जमिनीच्या वर दिसायच्या आधीच त्याने अर्धे नुकसान केलेले असते. ज्वारी पिवळी पडते, शेतकरी म्हणतो खत कमी पडले. पुढे टारफुला वर येतो तेव्हा तो हिरवागार असतो, त्याला नाजूक फुले येतात. ज्याला माहीत नाही तो म्हणेल, पाहा, वाळक्या ज्वारीत हे एक झाड तरी किती टवटवीत आहे!

चळवळीच्या रानात नेमके हेच होते. शेतकरी एकत्र आला, रस्त्यावर बसला, तुरुंगात गेला, त्याची मुळे गावोगाव पसरली, की कुठेतरी पडून राहिलेले बी जागे होते. सभेत सतरंज्या टाकायला कोणी नसते, माइकजवळ मात्र गर्दी होते. संघटना पिवळी पडत जाते आणि तिच्यातला एकेक ‘लोकसेवक’ टवटवीत होत जातो. आपण त्याची फुले पाहतो. त्याचे मूळ कुठे चिकटले आहे ते पाहत नाही.

शिडीच्या पायऱ्या

ही शिडी आजची नाही. सहकारातून, शिक्षणातून आणि मदतीतून तिच्या पायऱ्या घडल्या.

प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभारला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५० साली झाला. सावकाराच्या जाचातून शेतकऱ्याला सोडवण्याचे ते काम होते, आणि त्याचे मोल कोणी नाकारू नये. पण पुढे राज्यभर काय झाले? कारखान्याचा अध्यक्ष तोच जिल्हा बँकेचा संचालक, तोच बाजार समितीचा कर्ताधर्ता, आणि मग तोच आमदार. सभासदाची ऊसतोड, सभासदाचे कर्ज, सभासदाच्या पोराची नोकरी, सगळ्यांच्या चाव्या एका जुडग्यात गेल्या. ज्याच्या हातात जुडगा, त्याच्या समोर सभासद मतदार म्हणून उभा राहिला तर तो मोकळेपणी मत कसे देणार?

कोरडवाहू भागात ऊस नव्हता, म्हणून आपल्याकडे ही पायरी कापसातून गेली. राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली. व्यापाऱ्याच्या लुटीतून सुटका, अशी तिची घोषणा होती. प्रत्यक्षात चुकारा कधी मिळणार, प्रत कोणती लागणार, बोनस जाहीर होणार की नाही, हे सगळे मुंबईत ठरू लागले. राज्याबाहेर चांगला भाव असला तरी आपला कापूस सीमेवर अडवला जाई. मग शेतकऱ्याच्या हक्काचा चुकारा ‘मिळवून देणारा’ पुढारी जन्माला आला. आपलाच माल, आपलेच पैसे, आणि हार घालायचा त्याच्या गळ्यात.

दुसरी पायरी शिक्षणाची. १९८३ साली विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि राज्यात शिक्षणमहर्षींचे पीक आले. काही संस्थांनी खरोखर चांगले काम केले. पण कितीतरी ठिकाणी संस्थेचा मास्तर म्हणजे निवडणुकीतला बिनपगारी कार्यकर्ता, संस्थेची बस म्हणजे सभेला माणसे आणणारी गाडी, आणि संस्थेची फी म्हणजे शेतकऱ्याने विकलेले दोन एकर. ट्रस्टच्या कागदावर उद्देश लिहिलेला असतो, ‘ग्रामीण भागातील गोरगरिबांची शैक्षणिक उन्नती’. उन्नती कोणाची झाली ते गावातली घरे पाहून कळते.

तिसरी पायरी मदतीची, आणि ती सगळ्यात वाईट. ज्या घरातल्या माणसाने कर्जापायी गळ्याला दोर लावला, त्या घरी जाऊन धनादेश देताना फोटो काढतात. विधवा बाईच्या डोक्यावरचा पदर सरकलेला, डोळे खाली. तिच्या शेजारी उभा असलेला माणूस मात्र कॅमेऱ्याकडे पाहतो. तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, तिसऱ्या दिवशी पक्षाच्या तिकीटवाटपाच्या फायलीत जातो. त्या माउलीला मिळाले ते किराणा दुकानाच्या उधारीत गेले. त्याला मिळाले ते पाच वर्षे टिकते.

कायद्याची फट

कोणी म्हणेल, निवडणूक आयोग आहे, खर्चाची मर्यादा आहे, हिशेब द्यावा लागतो. बरोबर आहे. आपल्यासारख्या मोठ्या राज्यात २०२२ पासून विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपये अशी मर्यादा आहे. पण ही मर्यादा कोणत्या दिवसांना लागू होते? लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ७७ वाचा. उमेदवारी दाखल झाल्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत. म्हणजे साधारण तीन-चार आठवडे. त्याआधीच्या चार वर्षे अकरा महिन्यांत वाटलेल्या साड्या, चालवलेल्या रुग्णवाहिका, लावलेली लग्ने, घातलेल्या पंगती, यांतला एक रुपयाही निवडणूक खर्चात धरला जात नाही. मतदाराला वस्तू देणे ही लाच ठरते, पण त्यापायी निवडणूक रद्द व्हायची तर ती ‘उमेदवारा’ने किंवा त्याच्या संमतीने दिलेली असावी लागते. आणि उमेदवारी भरायच्या आधी तो उमेदवार नसतोच. तो असतो समाजसेवक.

आता समजले ना, ‘समाजसेवक’ या शब्दाला एवढा भाव का आहे? हा शब्द म्हणजे कायद्याच्या कुंपणाला पाडलेले खिंडार आहे. ज्या खर्चाला लाच म्हटले असते, तो या खिंडारातून सेवा होऊन बाहेर पडतो.

निवडून आल्यावर खेळाचा दुसरा भाग सुरू होतो. खासदारांचा स्थानिक विकास निधी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाला. सुरुवातीला वर्षाला ५ लाख, पुढच्याच वर्षी १ कोटी, १९९८–९९ पासून २ कोटी, आणि २०११–१२ पासून दर खासदारामागे ५ कोटी. आमदारांचा निधी वेगळा. हा पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे तुमचा-आमचा. बियाण्याच्या पिशवीपासून डिझेलपर्यंत जे काही आपण विकत घेतो, त्यातून कर भरतो. खासदाराचे काम फक्त शिफारस करण्याचे, काम करून घेते जिल्हा प्रशासन. पण सभामंडपावर पाटी काय लागते? ‘अमुक साहेबांच्या प्रयत्नातून’. आपल्या पैशाने बांधलेल्या मंडपात बसून आपणच त्यांचे आभार मानायचे. पूर्वी पाटील बैलपोळ्याला मान घेई, तो निदान स्वतःच्या बैलाच्या जोरावर घेई.

एका गावाचा हिशेब

शेतकरी हिशेबाला कच्चा आहे असे शहरातले लोक म्हणतात. चला, हिशेब करू.

२०२५–२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, मध्यम धाग्याचा ७,७१०, संकरित ज्वारीचा ३,६९९. हे भाव उत्पादन खर्चावर पुरे पडतात की नाही हा वाद वेगळा, तो आपण नेहमी घालतो. आज एवढेच धरू की तेवढा तरी मिळावा. समजा, एका शेतकऱ्याच्या घरी २५ क्विंटल कापूस आला. ओलावा जास्त, खरेदी केंद्र लांब, नोंदणी झाली नाही, दिवाळीला पैसे पाहिजेत, अशा कारणांनी तो व्यापाऱ्याकडे हमीभावापेक्षा हजार रुपये कमीने गेला. एका घराचे २५,००० रुपये गेले. गावात अशी २०० घरे धरा. पन्नास लाख झाले.

विधानसभेच्या उमेदवाराला अख्ख्या मतदारसंघात ४० लाख खर्चायची कायद्याने मुभा आहे. एक गाव एका हंगामात भावाच्या फरकात त्याहून जास्त गमावते. त्या गावात तो माणूस तीनशे रुपयांची साडी घेऊन येतो, आणि आपण म्हणतो, ‘माणूस देवमाणूस आहे, काहीतरी देतो तरी.’

तीनशे रुपयांसाठी पंचवीस हजारांचा प्रश्न विचारायचा राहून जातो. या सेवेचा खरा उपयोग तोच आहे. बोंडअळीचा नर पतंग कामगंध सापळ्यात कशाला जातो? तिथे मादी नसते, मादीचा वास असतो. साडीला, चष्म्याला, पंगतीला न्यायाचा वास असतो. वासावर गेलेला पतंग परत येत नाही.

भाव कशाने पडतो? १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढून टाकले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. म्हणजे ऐन आपली वेचणी चालू असताना परदेशी कापसाला दार उघडे. त्या वेळी तुमच्या तालुक्यातल्या किती समाजसेवकांनी रस्त्यावर सतरंजी टाकली? रक्तदान शिबिरे मात्र व्यवस्थित झाली. शेतकऱ्याचे रक्त काढायची सवय जुनी आहे, त्यासाठी सुईच लागते असे नाही.

भला माणूस आणि पक्षाचा चाबूक

‘पण आमचा माणूस खरोखर भला आहे हो,’ असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. असेल. मी त्याच्या भलेपणावर शंका घेत नाही. तो भला असला तरी सभागृहात काय करू शकतो, एवढेच विचारतो.

१९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. म्हणजे तुमचा भला माणूस तिकीट घेऊन आत गेला की त्याचे बटण पक्षाच्या हातात असते. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत शेतीविषयक दोन विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. सव्वा वर्षाने, २९ नोव्हेंबर २०२१ रोजी, ते कायदे रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेविना मंजूर झाले. ते कायदे चांगले होते की वाईट, यावर आपल्या चळवळीतही दोन मते आहेत, आणि असू द्या. पण दोन्ही मतांच्या शेतकऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. कायदा आला तेव्हा मोजून मत झाले नाही, गेला तेव्हा चर्चा झाली नाही. शेतकऱ्यांची सेवा करीत निवडून आलेले सगळे भले लोक त्या वेळी आतच बसले होते.

२००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीचे तेच. पूर्ण माफीला दोन हेक्टरांची मर्यादा होती. बागायती पाच एकर आणि कोरडवाहू पाच एकर यांत फरक आहे हे कोणाही शेतकऱ्याच्या पोराला कळते. सात-आठ एकर कोरडवाहू असलेला विदर्भ-मराठवाड्यातला माणूस पूर्ण माफीच्या बाहेर राहिला. त्याला एकरकमी भरणा केला तर सवलत, एवढेच. ज्याच्या घरात भरायला पैसे नाहीत त्याला भरण्यावर सवलत! त्या वर्षी कर्जमाफीचे आभार मानणारे फलक मात्र कोरडवाहू गावांतही लागले होते.

आपल्या घरातला केर

दुसऱ्याच्या अंगणात बोट दाखवून थांबलो तर हे टिपण अप्रामाणिक होईल. शेतकरी चळवळीचे घरही या प्रश्नातून सुटलेले नाही.

शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १९८० च्या आसपास कांद्याचे आणि उसाचे आंदोलन पेटले, तेव्हा मते मागायची नाहीत ही संघटनेची भूमिका होती. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेत सगळे आले होते. १९८६ च्या डिसेंबरात सुरेगावला कापसासाठी शेतकऱ्यांनी गोळ्या खाल्ल्या, त्या कोणाच्या तिकिटासाठी खाल्ल्या नव्हत्या. पुढे १९९० मध्ये संघटनेचे कार्यकर्ते जनता दलाच्या तिकिटावर विधानसभेत गेले, मोरेश्वर टेमुर्डे सभागृहाचे उपाध्यक्ष झाले, वामनराव चटप राजुऱ्यातून गेले. १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष निघाला. शरद जोशी २००४ ते २०१० राज्यसभेत होते. ज्या भूमिका ते मैदानात मांडत, त्याच त्यांनी तिथे मांडल्या. २०१० साली महिला आरक्षण विधेयकाला विरोध करणारे राज्यसभेतले एकमेव मत त्यांचे होते. त्यांचे मत चुकले असे वाटणारे आपल्यातही आहेत. पण १८६ विरुद्ध एक मत देणारा माणूस लोकप्रियतेसाठी मत देत नाही, एवढे त्याच्या विरोधकानेही मान्य करावे. प्रश्न त्यांचा नाही, त्यांच्यामागे रिकाम्या झालेल्या गावशाखांचा आहे. दर निवडणुकीने चार कार्यकर्ते उमेदवार झाले, चाळीस त्यांच्या प्रचारात गेले, निकालानंतर चारशे घरी बसले.

पश्चिम महाराष्ट्रातले उदाहरण आपल्या डोळ्यांदेखतचे आहे. राजू शेट्टी जिल्हा परिषद, विधानसभा असे करत २००९ आणि २०१४ मध्ये लोकसभेत गेले. त्यांचे सहकारी सदाभाऊ खोत २०१६ मध्ये कृषी राज्यमंत्री झाले. जून २०१७ मध्ये पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. कालपर्यंत एका मंचावर बसणारे दोघे त्या संपात वेगळ्या बाजूंना होते. त्याच वर्षी संघटना फुटली आणि खोतांनी नवी काढली. कोण बरोबर, कोण चूक, याचा न्याय मी करत नाही. मी एवढेच विचारतो की मंत्रिपदाच्या खुर्चीत आणि संपाच्या सतरंजीवर एकाच वेळी बसता येते का? ज्याने दोन्हींवर बसायचा प्रयत्न केला त्याची ओढाताण झालीच, शेतकऱ्यांची झाली ती वेगळी.

पंजाबचे पाहा. २०२० च्या नोव्हेंबरपासून वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसून ज्यांनी सरकारला माघार घ्यायला लावली, त्यांतल्या काही संघटनांनी लगेच संयुक्त समाज मोर्चा काढून २०२२ ची विधानसभा लढवली. एकही जागा आली नाही. ज्याच्या हाकेवर ट्रॅक्टर निघतात त्याच्या हाकेवर मते निघत नाहीत. आणि मते न निघाल्यावर पुढच्या वेळी ट्रॅक्टरही कमी निघतात.

मग सगळेच चोर काय?

नाही. असे म्हणणे सोपे आहे, आणि खोटे आहे. सगळे चोर म्हटले की खऱ्या चोराचेच फावते.

महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे ठरले तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेचा पैसा उधळायला त्यांनी विरोध केला, एकट्याने. तो पैसा शिक्षणावर खर्च करा म्हणाले. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणारा माणूस पदावर बसला तरी असूड घरी ठेवून गेला नाही.

आपल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख घ्या. अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था त्यांनी उभी केली, ते वऱ्हाड-मध्य प्रांतात मंत्री झाले, १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री होते. सेवा आणि राजकारण दोन्ही केले. पण १९३३ च्या कर्ज लवाद कायद्यामागे त्यांचे प्रयत्न होते. तो कायदा सावकाराच्या वहीला हात घालणारा होता. पंजाबराव शेतकऱ्याला चादर वाटून थांबले नाहीत, त्याच्या मानेवरचा दोर सैल करायला निघाले.

आणि शेंडगावचे गाडगेबाबा. धर्मशाळा बांधल्या, खराट्याने गावे झाडली, कीर्तनातून लोकांना कर्ज काढून सण करू नका म्हणून सांगितले. ना तिकीट, ना खुर्ची. सेवा अशीही होते, आणि तिला पुढची पायरी लागत नाही.

म्हणून कसोटी साधी आहे. सेवा करणारा राजकारणात गेला म्हणून तो वाईट ठरत नाही. पद मिळाल्यावर त्याने व्यवस्थेच्या कोणत्या दोरीला हात घातला, आणि त्यापायी कोणाची मर्जी गमावली? ज्याने कोणाचीच मर्जी गमावली नाही, त्याने शेतकऱ्यासाठी काहीही केलेले नाही.

‘पण तोवर दवाखान्यात कोण नेणार? लेकीच्या लग्नाला कोण मदत करणार?’ हा प्रश्न आपल्या माउल्या विचारतात, आणि तो खरा आहे. रात्री दोन वाजता बाळंतपणाची वेळ आली तर आयातशुल्काचे भाषण कामाला येत नाही. मदत घ्या. ज्याने गाडी दिली त्याला धन्यवाद द्या. पण मत हा धन्यवाद नव्हे. आणि हेही विचारा की प्राथमिक आरोग्य केंद्राची गाडी का आली नाही. ती आली असती तर साहेबांच्या गाडीची गरज कोणाला होती? सरकारी गाडी बंद पडते तेव्हाच खासगी सेवेला पालवी फुटते. ही गाडी चालू राहावी म्हणून भांडणे हे आमदाराचे काम आहे, आणि तो त्याऐवजी आपली गाडी पाठवतो.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

टारफुल्यावर दोन उपाय आहेत. फुलावर येऊन बी पडायच्या आधी तो उपटावा. आणि पिकाची फेरपालट करावी. कापसाच्या मुळांजवळ टारफुल्याचे बी उगवते, पण त्याला चिकटायला जागा मिळत नाही आणि ते मरते. आपल्या संघटनेचे रान असेच ठेवावे. येणाऱ्याला उगवू द्यावे, चिकटू देऊ नये. त्यासाठी माझ्या सूचना या:

१. ज्या पदाधिकाऱ्याला कोणतीही निवडणूक लढवायची आहे, मग ती सोसायटीची असो की लोकसभेची, त्याने उमेदवारीच्या किमान एक वर्ष आधी पद सोडावे आणि तसे भर सभेत सांगावे. लढायला बंदी नाही. लपून लढायला बंदी.

२. संघटनेचा बिल्ला कोणाही व्यक्तीच्या फ्लेक्सवर, वाढदिवसाच्या जाहिरातीत किंवा प्रचारपत्रकात येणार नाही.

३. संघटनेच्या मंचावरून कसलेही वाटप होणार नाही. आपण मागणारे आणि मिळवणारे लोक आहोत.

४. आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या आणि विधवांच्या याद्या कोणाही पुढाऱ्याला द्यायच्या नाहीत. मदत मिळवून द्यायची ती फोटोशिवाय.

५. प्रत्येक मेळाव्याचा जमाखर्च त्याच मांडवात वाचून दाखवायचा. एका माणसाने सगळा मांडव घातला तर तो मेळावा त्याचाच होतो. म्हणून वर्गणी पाच-दहा रुपयांची का असेना, घरटी घ्यायची.

६. आमदार-खासदार निधीच्या कामांची यादी प्रत्येक तालुका शाखेने माहितीच्या अधिकारात जिल्हा नियोजन कार्यालयातून काढावी. शिक्षणसंस्था आणि ट्रस्ट यांची हिशेबपत्रके धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल होतात. तीही अर्ज करून पाहावीत. ‘प्रयत्नातून’ म्हणजे कोणाच्या पैशातून, ते गावात वाचून दाखवावे.

७. निवडून गेलेल्या प्रत्येकाला, तो आपला असो की परका, वर्षातून एकदा वेचणीच्या आधी बोलवावे आणि तीनच प्रश्न विचारावेत. कापसाच्या आयातीवर सभागृहात काय बोललात? खरेदी केंद्र वेळेवर उघडावे म्हणून काय लेखी दिलेत? पक्षाने शेतकऱ्याविरुद्ध भूमिका घेतली तेव्हा काय केलेत? उत्तर तोंडी नको, कामकाजाचा छापील कागद आणावा. जो येणार नाही त्याच्या नावाची खुर्ची मंचावर रिकामी ठेवावी.

या ठरावांनी चार उत्साही कार्यकर्ते आपल्याला सोडून जातील, हे मला माहीत आहे. जाऊ द्या. जे बिल्ल्यासाठी आले होते ते बिल्ला मिळेल तिकडे जातील. उरतील ते सतरंजी टाकायला आणि उचलायला उरतील, आणि चळवळ त्यांच्याच जोरावर चालत आली आहे.

बैठकीला येताना प्रत्येक गावशाखेने गेल्या हंगामात आपल्या गावाचा किती कापूस आणि किती ज्वारी हमीभावाखाली गेली, त्याचा आकडा लिहून आणावा. सगळ्या गावांची बेरीज भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहू. पुढच्या वेळी कोणी साड्यांचा गठ्ठा घेऊन आला, तर त्याला चहा द्या, आणि त्या भिंतीसमोर नेऊन उभे करा.